वहिनींच्या पायांशी बसलेले गृहस्थ

त्यांच्या खोलीत दोन शब्दांना मज्जाव होता: 'ठीक' आणि 'दर्द'. कोणी 'ठीक है' म्हटले, की ते हातातले काम थांबवत आणि त्या माणसाने चपलांसह देवघरात पाऊल टाकले असावे अशा नजरेने त्याच्याकडे पाहत. 'दर्द' या शब्दाविषयी ते थोडे मवाळ होते. "दर्द तो नाम हुआ जी," ते म्हणत, "नाम पर्चे पर लिखा है, मैंने पढ़ लिया. अब ये बताओ, वो करता क्या है?"

वेदना म्हणजे काय, हे सांगणारे पुष्कळ भेटले. ती काय करते, हे विचारणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. आणि त्यांनी तो प्रश्न विचारला तेव्हा मी त्याचे खोटे उत्तर दिले. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की लेखणी प्रथम तिथेच अडते. म्हणून आधी त्यांच्याविषयी लिहितो.

मयूर विहारमधल्या आमच्या वसाहतीत ते तळमजल्यावर राहत. लष्करी रुग्णालयातून फिजिओथेरपिस्ट म्हणून निवृत्त झालेले, पासष्टीचे, सहा फूट उंचीचे पंजाबी गृहस्थ. घराच्या पुढच्या खोलीत एक उंच खाट आणि तिच्यासमोर वेताचा एक बुटका मोढा, एवढाच त्यांच्या उपचारांचा थाट. खाटेवर रुग्ण बसे, मोढ्यावर ते. त्यांच्याकडे येत ते कर्करोगाची औषधे शिरेवाटे घेऊन झालेले लोक. अशा माणसाचा आजार गेलेला असतो, तपासण्या स्वच्छ आलेल्या असतात, डोक्यावर नवे केस येऊ लागलेले असतात, नातेवाइकांनी पेढेही वाटलेले असतात. आणि त्याच्या पावलांची मात्र आग होत असते. त्या औषधांनी हातापायांचे मज्जातंतू दुखावलेले असतात. पाऊल निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळते आणि त्याच पावलाला जमीन लागत नाही.

त्यांच्या उपचारात सुई नव्हती, गोळी नव्हती, चीरफाड तर नव्हतीच. जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी, तिला दोन तारा, तारांच्या टोकांना गार मलम लावलेल्या रबरी चकत्या, आणि त्यांतून वाहणारा विजेचा अगदी मंद प्रवाह. "दवा ने दुश्मन को तो मारा," ते समजावत, "पर जाते-जाते टेलिफोन की तारें जला गई. अब बाहर कोई नहीं है और घंटी बजे जा रही है. तारें मैं नई नहीं डाल सकता. मैं बस दूसरी घंटी बजाता हूँ, ज़रा मीठी वाली. दिमाग उसे सुनने लगे तो पहली को भूलता है. कभी दो घंटे, कभी दो दिन." याहून अधिक आश्वासन त्यांनी कोणालाही दिल्याचे मी ऐकले नाही. लोक हिरमुसत. एक बाई एकदा काकुळतीला येऊन म्हणाल्या, "अंकल, सुई के बिना कैसा इलाज? एक टीका तो लगा दो." ते शांतपणे म्हणाले, "टीका मच्छर से लगवा लो जी, यमुना पास ही है."

वसाहतीत त्यांना 'बिजलीवाले अंकल' म्हणत. नव्याने राहायला आलेल्या एका कुटुंबाने ते ऐकून त्यांना आपला बिघडलेला कूलर दुरुस्त करायला बोलावले. ते गेले. कूलर दुरुस्त केला. मग त्या घरातल्या आजीबाई चप्पल ओढत चालताहेत हे पाहून त्यांनी तिथेच बैठक मारली, त्यांचे तळवे उजेडाकडे करून न्याहाळले आणि टाचेत रुतलेली, आजीबाईंना पत्ताही नसलेली, काचेची कपची काढली. माणसांची पावले पाहिल्याशिवाय त्यांना राहवत नसे. स्वतः ते ऐन जानेवारीतही घरात अनवाणी वावरत. पावलांना जमिनीची ओळख राहिली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. बधिर पावलाला खडा कळत नाही, म्हणून खोलीत आलेल्या प्रत्येकाचे जोडे ते उलटे करून झाडत. बँकेच्या रांगेत अनोळखी माणसाला "जूते झाड़के पहना करो जी" असे सांगताना मी त्यांना पाहिले आहे.

रोज पहाटे, पहिला रुग्ण येण्यापूर्वी, ते त्या चकत्या स्वतःच्या नडग्यांवर लावत आणि प्रत्येक रुग्णाला त्या दिवशी द्यायचा प्रवाह आधी स्वतः घेऊन पाहत. जो मी घेतला नाही तो दुसऱ्याला देणार नाही, असा त्यांचा नेम होता.

देशाचे दरवाजे उघडून काही वर्षे लोटली होती आणि परदेशी यंत्रे विकणारी, टाय लावलेली तरुण मुले दिल्लीच्या नव्या उपनगरांतून दारोदार फिरत होती. असाच एक विक्रेता त्यांच्याकडे आला. "सर, इसमें आठ प्रोग्राम हैं. पेशंट से कुछ पूछने की ज़रूरत ही नहीं."

"अच्छा? जूते उतारो."

चकत्या लागल्या. बटण फिरले. "कैसा लग रहा है?"

"बहुत अच्छा, सर. एकदम रिलैक्सिंग."

"और अब?"

"अब तो और भी अच्छा."

त्यांनी तारेचे मोकळे टोक वर करून दाखवले. ती पेटीला जोडलेलीच नव्हती. खाटेभोवतीचे रुग्ण हसले. ते स्वतः हसले नाहीत. त्या मुलाला त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "तू झूठा नहीं है, बेटा. तू शरीफ़ है. शरीफ़ आदमी का इलाज सबसे मुश्किल होता है." यंत्र त्यांनी विकत घेतले, आणि त्यातल्या सात बटणांवर चिकटपट्टी लावून टाकली.

हा प्रसंग मी पुढे त्यांच्याच तोंडून ऐकला. आधी ऐकला असता, तर निदान सावध झालो असतो. प्रामाणिक झालो असतो, असे मात्र मला म्हणवत नाही.

माझे थोरले बंधू केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते. स्पर्धापरीक्षांसाठी मी गावाहून त्यांच्याकडे आलो आणि चार वर्षे त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहिलो. तीनदा नापास झालो. निकालाच्या दिवशी वहिनी कधी काही विचारत नसत. त्या दिवशी फक्त पानात भात ऊन असे आणि त्यावर तुपाची धार नेहमीपेक्षा जरा जास्त. पुढे मला गुडगावच्या एका कंपनीत नोकरी लागली. काचेची इमारत, आणि तिच्या कुंपणापलीकडे अजून मोहरीचे शेत. सकाळी आठला बाजाराच्या फाटकापाशी चार्टर्ड बस येई, आणि ती कोणासाठी थांबत नसे.

त्याच वर्षी वहिनींना स्तनाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, औषधांच्या फेऱ्या झाल्या, दिवाळीपूर्वी सर्व आटोपले. दादांनी गावाकडे पत्रे धाडली. आणि थंडी पडू लागली तशा वहिनी रजईतून पावले बाहेर काढून निजू लागल्या. बोटांना रजईचे ओझे सोसवत नव्हते. पोलक्याचे हूक लागेनात, हातातून कप सुटू लागला. जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरून त्या म्हणत, "पायरी दिसते हो, पण लागत नाही."

दादा सतत दौऱ्यावर. त्यामुळे सकाळी सातला वहिनींना तळमजल्यावरच्या त्या खोलीत नेण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्याच दिवशी त्यांनी वहिनींचे तळवे तपासून मला बाजूला घेतले. "काका," ते म्हणाले. त्यांच्या पंजाबीत काका म्हणजे लहान पोरगा, आणि मी एकोणतीस वर्षांचा घोडा होतो. "काका, ये दो-तीन महीने बड़े कीमती हैं. दिमाग को उस घंटी की आदत पड़ गई, तो फिर मेरी नहीं सुनेगा. ये सीढ़ी अपने पैरों पर उतरेंगी या रेलिंग पकड़के, ये अभी तय होना है. और मेरे पास कोई एक्सरे नहीं है. जो ये बताएँगी, उसी पे मेरा हाथ चलेगा."

मग ते मोढ्यावर बसले आणि त्यांनी वहिनींची टाच तळहातावर घेतली. वहिनींनी झटक्याने पाय मागे ओढला. "अहो, हे काय! वडीलधारे आहेत ते. पाय कसले धरतात माझे?"

हे त्यांना भाषांतर न करताच कळले. "बेटी, अष्टमी को हमारे घरों में कन्याओं के पैर धोते हैं. साल में एक दिन धोऊँ तो पुण्य, और रोज़ धोऊँ तो पाप?"

वहिनी हसल्या, पण त्यांची भीड गेली नाही. पासष्ट वर्षांचा माणूस आपल्या पायांशी बसला आहे, ही गोष्ट त्यांना वेदनेइतकीच असह्य होत असावी. ते विचारत, "क्या कर रहा है?" वहिनी हलक्या आवाजात मला सांगत, "भाऊजी, सांगा त्यांना. टाचेत नाही काही. बोटांच्या मुळाशी कोणी ओली मिरची चोळल्यासारखं होतंय. आणि मध्येच एक चमक येते, अगदी गुडघ्यापर्यंत." आणि लगेच, "पण राहू द्या. किती वेळ खाली बसलेत ते. उठवा त्यांना."

मी म्हणत असे, "कह रही हैं, थोड़ा जलता है. पहले से आराम है."

मिरचीला हिंदीत शब्द नव्हता असे नाही. वहिनींची भीड मला सोयीची होती, हे खरे कारण. आणि आठची बस हे त्याहून खरे. परंतु इतक्या वर्षांनी मागे वळून पाहताना मला त्याच्याही खाली एक कारण दिसते. मला तो आजार संपलेला हवा होता. घरात त्याविषयी आणखी काही ऐकण्याची माझी तयारी नव्हती. जिने मला चार वर्षे पोटच्या मुलासारखे सांभाळले, तिच्या पायांची आग मी रोज सकाळी दोन वाक्यांत विझवून बस पकडायला निघून जात होतो.

ते माझे शब्द ऐकून मान हलवत, आणि त्या शब्दांच्या आधाराने प्रवाह कमी करत, चकत्या टाचेकडे सरकवत. असे तीन आठवडे गेले.

चौथ्या आठवड्यातल्या पहिल्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले. वहिनी म्हणाल्या, "आज काहीच कळत नाही हो. मुंग्यासुद्धा येत नाहीत यंत्राच्या. नुसतं जळतंय."

"कह रही हैं, आज काफ़ी आराम है."

त्यांनी तारेचे टोक वर केले. ते पेटीबाहेर होते. खोलीत आणखी कोणी नव्हते, याचे मला त्या क्षणीही बरे वाटले, याची आज लाज वाटते. ते रागावले नाहीत. फक्त माझ्याकडे पाहून म्हणाले, "काका, आराम किसको है?"

मी वहिनींकडे पाहिले. वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या.

"कल से तू बाहर बैठ," ते म्हणाले. "अखबार पढ़."

दुसऱ्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसलो. दार अर्धवट उघडे होते. त्यांनी सदऱ्याची बाही कोपराच्या वर गुंडाळली आणि आपला हात वहिनींच्या मांडीशेजारी खाटेवर ठेवला. "बेटी, बोलो मत. जो तुम्हारे पैर में हो रहा है, वो मेरी बाँह पर करो."

वहिनींनी कापडावरचे सूत झटकावे तसे बोट फिरवले.

"इतना तो गाय भी पूँछ से कर देती है."

दोन दिवस हे असेच चालले. तिसऱ्या दिवशी त्यांनी हलका चिमटा काढला आणि लगेच "अगं बाई!" म्हणून हात मागे घेतला. चौथ्या दिवशी मी वर्तमानपत्राआडून पाहिले तेव्हा वहिनींनी त्यांच्या मनगटापाशी नखे रोवली होती. त्यांनी ती कोपरापर्यंत ओढत नेली, तिथे मांस चिमटीत धरून पिळले, सोडले, पुन्हा धरले, आणि मग उघड्या तळव्याने सपासप तीन चापट्या मारल्या. वहिनींचा चेहरा अश्रूंनी भिजला होता. ते दुसऱ्या हाताने पेटीचे बटण किंचित किंचित फिरवत विचारत होते, "और? अब? यहाँ से यहाँ तक? अब हल्का करो... जितना अब है, उतना करो." हळूहळू वहिनींची नखे सैल झाली. मग बोटे नुसती टेकलेली राहिली.

"शाबाश बेटी," ते म्हणाले. "आज पता चला."

त्या हातावरून मला दृष्टी काढता येईना. वहिनींचे ओरखडे त्यावर ताजे होते, पण एकटे नव्हते. नखांच्या जुन्या चंद्रकोरी, चिमट्यांचे पिवळट पडलेले डाग, लांब पुसट रेघा मनगटापासून कोपरापर्यंत भरल्या होत्या. उन्हाळ्यातही ते बाहेर पडताना पूर्ण बाह्यांचा सदरा का घालतात, याविषयी वसाहतीत तर्क चालत. त्यांना त्वचेचा काही विकार असावा असे बहुतेकांचे मत होते. इतक्या अनोळखी माणसांची वेदना त्यांनी कातडीवर उतरवून घेतली होती, कारण ती मोजायचे दुसरे साधन त्यांच्यापाशी नव्हते. त्या सकाळी बसचा भोंगा मला ऐकू आला, आणि मी उठलो नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. त्यानंतर पंधरा दिवसांत वहिनी पावले रजईत घेऊन निजू लागल्या. होळीच्या सुमारास त्या कठड्याला हात न लावता तिन्ही मजले उतरल्या. ते गृहस्थ आज नाहीत. वहिनी द्वारकेत माझ्या पुतण्याकडे असतात, रोज सोसायटीच्या बागेला चार फेऱ्या घालतात. पायांच्या बोटांची टोके मात्र कायमची बधिर राहिली. ते तीन आठवडे वाया गेले नसते तर तीही परत आली असती का, हे मी दोन डॉक्टरांना विचारले. दोघेही म्हणाले, सांगता येत नाही. मी अजून विचारतो.

त्या चौथ्या दिवशी घरी परतताना, पहिल्या जिन्यावर, मी म्हणालो, "वहिनी, मी त्यांना नीट सांगत नव्हतो."

"माहीत आहे."

"म्हणजे?"

"अहो, आठ वर्षं झाली मला दिल्लीत. बोलायला जमत नाही म्हणून काय कळतही नाही? भाजीवाला मनातल्या मनात काय पुटपुटतो तेसुद्धा कळतं मला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

वहिनी एक पायरी चढल्या. दुसरी चढण्यापूर्वी थांबल्या. "तुमची बस असायची ना," त्या म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात टोमणा असता तर मला तो झेलता आला असता.

दुसऱ्या दिवशी, वहिनी खाटेवर बसत असताना, मी त्या गृहस्थांना बाहेर गाठून सर्व सांगितले. वहिनींना हिंदी समजत होती. मी खोटे बोलत होतो हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

"मुझे भी," ते म्हणाले. "मतलब, शक था. तू 'आराम' बोलता था और इनका अँगूठा मुड़ जाता था. दूसरे हफ़्ते के आख़िर तक दिख गया था."

"तो आपने टोका क्यों नहीं?"

"शरम आई, काका. पराया घर है, देवर-भाभी की बात है, मैं बीच में कैसे बोलूँ. मैं भी शरीफ़ निकला."

असे म्हणून ते आत गेले. मोढा त्यांनी पायाने बाजूला सारला आणि खाली फरशीवरच मांडी घालून बसले. हात जोडले. "बेटी, एक हफ़्ता मेरी वजह से गया. जानता था, बोला नहीं. माफ़ करना."

मी दारात उभा होतो. या माणसाचा दोष असलाच तर नखाएवढा होता, आणि कबूल केल्यावर तो त्यांनी क्षणभरही स्वतःजवळ ठेवला नाही. माझा तीन आठवड्यांचा होता. त्यांच्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाला इतके सहज खाली बसता येते, हे मी पाहिले नसते, तर मला ते जमले नसते. मी आत गेलो आणि त्यांच्या शेजारी फरशीवर बसलो. फरशी बर्फासारखी होती. "वहिनी," मी म्हणालो, आणि हात जोडले.

वहिनींनी आधी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि पदर सावरला. "उठा हो! दोघंही उठा! हे काय मांडलंय सकाळी सकाळी?" कोणी उठले नाही. तेव्हा मला वगळून त्या थेट त्या गृहस्थांकडे वळल्या, आणि इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून कधीही न ऐकलेल्या मोठ्या, स्वच्छ आवाजात, मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या,

"माफ़ी बाद में करो जी. आज बायाँ पैर बहुत ख़राब है. मिर्ची. यहाँ से घुटने तक. पहले वो देखो."